वर गेलेल्या गोळ्या

बसरा, १५ नोव्हेंबर

ती. नझीराताईस झुहैरचा सा. सलाम वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडायचं त्राण नाही, म्हणून टॅक्सीवाल्या अबू कासिमच्या हाती हे पत्र. सायीचा डबा पोचला. अर्धा संपवला, चव कळली नाही. दोष तुझ्या म्हशींचा नाही.

आपल्या मुहनदला जाऊन चाळीस दिवस झाले, चाळिसावा उरकला. मला अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, बाप धीराचा आहे. धीर कसला? दार वाजतंय आणि आत कुणी नाही, असं चाललंय.

आता मुख्य गोष्ट. येत्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी, २८ला, हातिमच्या घराण्यातली वडील मंडळी आपल्या बैठकीत येणार. रिवाज तुला ठाऊकच आहे. मी कॉफी पुढे करीन, ते कपाला हात न लावता मागणं मांडतील. मी ‘प्या’ म्हटलं की प्रकरण मिटलं. नाही म्हटलं तर हातिमचं सगळं घर, म्हाताऱ्या आजीसकट, मोहल्ला सोडून जाणार. मॅच जिंकल्याच्या आनंदात त्या हातिमने गच्चीवरून आभाळात गोळ्या झाडल्या, त्यातली एक दोन गल्ल्या ओलांडून आपल्या गच्चीवर उतरली. मुहनद दोरीवरचे कपडे काढत होता. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच येऊन सांगून गेला, की बंदूक माझी होती.

मला दोन्ही सारखंच वाटतं. तू वडील, तू सांगशील तसं करीन. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

तुझा,
झुहैर


अमारा, १८ नोव्हेंबर

चि. झुहैर यास अ. उ. आ.

दोन्ही सारखंच वाटतं, हे लिहिताना तुझा हात कसा अडला नाही? मुहनदची आई बाळंतपणात गेली तेव्हा ते एवढंसं पोर तू माझ्या पदरात टाकलंस. तीन वर्षं माझी वेणी मुठीत धरून झोपायचा. सोडवायला गेलं की जागा व्हायचा, म्हणून मी तशीच अवघडून पडायची. तो माझा भाचा नव्हता, मुलगा होता.

कॉफी थंड होऊ दे. धूळ बसू दे तिच्यावर. त्यांनी रडावं, पागोटी जमिनीवर ठेवावीत, तू ‘प्या’ म्हणायचं नाहीस. आजीचं मला सांगू नकोस. म्हातारीला काही गाढवासारखी ओझी वाहायची नाहीत, पोरं नेतील तिला उचलून.

जेवत जा. दाढी केली नसशीलच. तुझं तोंड मला न बघताही दिसतं. पत्राला उशीर करू नये, माझ्यावर राग धरू नये.

तुझी,
नझीरा


बसरा, २२ नोव्हेंबर, शुक्रवार

ती. ताईस सा. सलाम वि. वि.

आज एक विचित्र गोष्ट केली, ती तुलाच सांगवते. मुहनदचे मित्र आले होते. दर शुक्रवारी ते क्लबमध्ये कॉम्प्युटरवर बंदुकीचा एक जुना खेळ खेळतात. खेळ पोरांच्याच वयाचा असेल, पण सोडवत नाही म्हणतात. मुहनदची खुर्ची त्यांनी इतके दिवस रिकामी ठेवली. आता दुसऱ्याला द्यावी का, हे विचारायला आले होते. मी म्हटलं, चला, बघतो, आणि तिथं गेल्यावर स्वतःच बसलो.

पडद्यावर एक बंदूक दिसते आणि ती धरलेले दोन हात. ज्याचे हात तो माणूस दिसतच नाही. क्लबचा मालक अबू जमील माझी बोटं एकेका बटणावर ठेवत होता. मी आधी भिंतीवर आपटलो, मग आपल्याच बाजूच्या एकाला मारलं. तो शेजारच्याच खुर्चीत होता. म्हणाला, काका, काही हरकत नाही, मी पुढच्या डावात उठतो. मरतात आणि उठतात, ताई. मला त्याचंही काही वाटलं नाही.

मग एक डाव आमची बाजू जिंकली. पोरं ओरडली. आणि माझ्या हाताने काय करावं? बंदुकीची नळी वर केली आणि सगळ्या गोळ्या आभाळात रिकाम्या केल्या. जिंकलं की आपल्याकडे हात तसाच जातो. पोरांनी एकदम बटणांवरचे हात काढले. तेव्हा मला कळलं मी काय केलं ते.

मी वर बघत राहिलो. गोळ्या खाली येईनात. शेवटी अबू जमील मला हळूच म्हणाला, अबू मुहनद (अजून मला मुहनदचा बाप म्हणूनच हाक मारतात), या खेळात त्या खाली पडत नाहीत, खेळ बनवणाऱ्यांनी तेवढं केलेलं नाही.

तुझ्या लग्नात मी अमाऱ्याच्या गच्चीवरून गोळ्यांची दोन मॅगझिन संपवली होती. नवऱ्यामुलाकडचे जास्त झाडताहेत म्हणून तिसरं तूच आणून दिलंस, मेंदीच्या हाताने. त्या गोळ्या कुठं पडल्या, हे मी आजवर एकदाही विचारलं नाही. तुला माहीत आहे का?

रडू अजून नाही. पण दोन्ही आता सारखं वाटत नाही. तरी तुझ्या शब्दाबाहेर मी जाणार नाही. पत्राची वाट बघतो.

तुझा,
झुहैर


अमारा, २५ नोव्हेंबर

चि. झुहैर यास अ. उ. आ.

माहीत आहे.

आमच्या मागच्या गल्लीत वफीका नावाची तंदूरवाली आहे. एकतीस वर्षं मी तिच्याकडून भाकरी घेते. तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. माझ्या लग्नादिवशी ती अंगणात पीठ मळत होती, तेव्हा तू झाडलेली एक गोळी तिच्या खांद्यात उतरली. सासूबाईंनी तिला सांगितलं, गोळी चौकीवरच्या शिपायांची असेल. मला दटावलं, नव्या नवरीने पहिल्या दिवशी तोंड उघडू नये. मग तो पहिला दिवस संपलाच नाही. तुलाही सांगितलं नाही. तू धाकटा होतास, तुझं हसू गेलं असतं.

तुझं पत्र वाचलं आणि चप्पल न घालता तिच्याकडे गेले. सगळं सांगितलं. ती एका हाताने भाकऱ्या थापतच राहिली. मग म्हणाली, एकतीस वर्षं मी त्या शिपायांना रोज शाप देतेय, ते शाप आता परत कसे घ्यायचे ते सांग. आणि नेहमीसारख्या चार भाकऱ्या माझ्या टोपलीत टाकल्या.

हातिमच्या लोकांना कॉफी पिऊ दे. मी माफ केलेलं नाही. माझा मुलगा गेला आहे. पण नाही म्हणायला मला तोंड राहिलेलं नाही.

गुरुवारी मी येतेय. वफीकाही येणार आहे, ज्याच्या गोळ्या होत्या तो माणूस तिला बघायचाय. पाहुणे गेले की आतल्या खोलीत ये. तुझ्यासमोर कप ती ठेवील. ती ‘पी’ म्हणेपर्यंत हात लावू नकोस.

तुझी,
नझीरा