मिस्त्रीची ओळ

प्रिय नाना,

सून सासऱ्याला 'प्रिय' लिहीत नाही, 'तीर्थरूप' लिहिते, हे मला ठाऊक आहे. पण तीर्थरूप लिहिलं की मागोमाग साष्टांग नमस्कार येतो, मग कृपादृष्टी येते, आणि विचारायचं ते राहूनच जातं. मला तर घाईने विचारायचंय. उद्या दुपारी छापखान्याचा माणूस मजकूर न्यायला येणार आहे.

रविवारी तुमचं वर्षश्राद्ध. माईंच्या मनात आहे की येईल त्याच्या हातात स्तोत्रांची एक छोटी पुस्तिका द्यायची. आपल्याकडे देतातच. पहिल्या पानावर तुमचा फोटो, खाली नाव, आणि नावाखाली तुमची ती ओळ. 'दिवा राहू दे. येणाऱ्याला कुठे ठाऊक, आपण गेलो ते.' इथपर्यंत ठीक होतं. पण माई म्हणाल्या, "त्याच्याखाली बारीक अक्षरात संतवचन असं टाक हं."

आता तुम्हीच सांगा, मी काय करू?

तो संत कोण, हे या घरात फक्त मला माहीत आहे. तो एका अवकाशस्थानकावरचा मिस्त्री आहे. दिवसभर पितो, कॅप्टनला शिव्या घालतो, आणि ही ओळ बोलून झाल्यावर थोड्याच वेळात त्याला आठ डोळ्यांचं जनावर खातं.

लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा तुमच्याशी काय बोलावं तेच मला कळायचं नाही. हे सकाळी मुंबईला ऑफिसला गेले की घरात माई, मी आणि तुम्ही. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले तुम्ही, ओट्यावर खुर्ची टाकून वाचत बसलेले. पुस्तकावर विठ्ठल होता, म्हणून मी पाय न वाजवता जायचे. एकदा चहा ठेवायला वाकले आणि डोकावले, तर आत इंग्रजी! कुणीतरी कुणावर किरणांची बंदूक रोखली होती. मी हसले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "कव्हर माईंनी घातलंय. मूळ कव्हरवरच्या बाईला थंडी वाजत असावी असं माईंना वाटलं."

जुनं कॅलेंडर वाया घालवायचं नाही, हा माईंचा नियम. त्यामुळे तुमच्या सगळ्या राक्षसांवर आणि उडत्या तबकड्यांवर विठ्ठल, गणपती, गजलक्ष्मी. कपाट उघडलं की देवळात आल्यासारखं वाटायचं.

त्या कादंबऱ्या तुम्ही रद्दीवाल्याच्या पोत्यांतून निवडून आणायचात. आधी सिनेमा निघालेला, मग त्यावरून कादंबरी लिहिलेली, अशाच तुम्हाला हव्या असायच्या. आपल्या थिएटरात ते सिनेमे कधी लागलेच नाहीत, म्हणून तुम्ही ते वाचून बघायचात. मी विचारलं होतं, उलटं का नाही, कादंबरीवरून निघालेला सिनेमा? तुमचं उत्तर अजून आठवतंय. "अगं, इथे सिनेमावाल्यांनी सगळं आधीच ठरवलेलं असतं. लिहिणाऱ्याला सांगतात, महिन्याभरात पुस्तक दे. बिचारा पोटासाठी लिहितो. त्याच्याकडून कुणाची काही अपेक्षा नसते. मग मारामाऱ्या लिहिता लिहिता तो मधेच मनातलं एक वाक्य टाकून जातो. ते शोधायचं."

आणि आपण शोधायचो! तुम्ही पेन्सिलने खूण करायचात, मग मी वाचायची, आणि मला वेगळंच वाक्य आवडलं की भांडायचो. 'इंधन संपलंय, पण वेग शिल्लक आहे' हे तुमचं. सिलिंडर संपला आणि आमटी तशाच गरम पातेल्यात शिजत राहिली की तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन ते म्हणायचात. माझं आवडतं होतं, 'सगळ्यांचं घाबरून झालं होतं, आता कॅप्टनची पाळी होती.' माझ्या बाळंतपणात हे, माई, माझी आई, सगळे रडवेले झाले. तुम्ही मात्र दवाखान्याच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसलात. मुलगी झाल्याचं कळल्यावर तुमचे हात असे थरथरायला लागले की पेढा खाली पडला. मी खाटेवरून म्हटलं, आता कॅप्टनची पाळी. माईंना वाटलं, मला ग्लानी आलीये.

मग ह्यांनी एका दिवाळीत भाड्याने व्हिडिओ आणला, आणि त्यात नेमका मिस्त्रीचा सिनेमा. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून बसलात. स्थानक सोडून सगळे निघाले, बाहेरचा दिवा बंद करायचा कॅप्टनने हुकूम दिला, मिस्त्री वळला, तोंड उघडलं, आणि जनावराने त्याला उचललं. एक शब्द नाही. तुम्ही उठून ओट्यावर गेलात. मी मागून आले तेव्हा म्हणालात, "बोलूच दिलं नाही गं त्याला." सिनेमातल्या माणसासाठी एवढं वाईट वाटलेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं.

पण खरी चूक पुढे झाली, आणि ती तुमची आहे. रागावू नका, पण आहे.

शेजारचे काका गेले. तेराव्याला त्यांच्या जागी लावलेला दिवा उचलायची वेळ आली तेव्हा काकू हातच लावू देईनात. तेव्हा तुम्ही म्हणालात, "राहू दे दिवा. येणाऱ्याला कुठे ठाऊक, आपण गेलो ते." तिथे भजनी मंडळाचे बुवा बसले होते. त्यांनी विचारलं, "नाना, हे कुठलं?" तुम्ही म्हणालात, "वाचलंय." एवढंच! बुवांनी तुम्हाला रोज ओट्यावर विठ्ठलाचं पुस्तक वाचताना पाहिलेलं. त्यांनी हात जोडले, आणि तुम्ही पण जोडलेत. नाना, हात का जोडलेत? तेव्हाच 'अहो, ते इंग्रजी आहे' म्हणाला असतात, तर लोक हसले असते आणि संपलं असतं.

पण ते संपलं नाही. माईंनी ती ओळ उचलली. जिथे दुःख असेल तिथे त्या जायच्या आणि तेच सांगायच्या. मला मजाच वाटायची, खोटं कशाला सांगू. नेरे गावच्या गोदाबाईची गोष्ट होईपर्यंत.

तुम्ही आजारी पडलात त्याच्या थोडं आधी तिचा मुलगा बाळू करंजा बंदरातून मासेमारीच्या बोटीवर गेला आणि आलाच नाही. बोटही मिळाली नाही, माणसंही नाहीत. ती आपल्याकडे भाजी घेऊन यायची ती बंद झाली, म्हणून माई नेऱ्याला जाऊन आल्या. तिथे त्यांनी ओळ सांगितली. त्या दिवसापासून गोदाबाईच्या ओटीवर दिवा आहे. मी स्वतः पाहिलाय, पत्र्याच्या डब्यात, वारा लागू नये म्हणून. तिचे दीर म्हणतात, बाई, आता क्रियाकर्म उरकून घे, तेल कशाला जाळतेस? ती म्हणते, "संतांचा बोल हाय. इजवायचा नाय." नातेवाइकांपुढे तिच्याकडे तेवढंच एक उत्तर आहे.

आणि काल बुवा आले. म्हणाले, रविवारी याच ओळीवर चार शब्द बोलीन म्हणतो, पण सगळ्या पोथ्या पालथ्या घातल्या, हे वचन कुठेच सापडत नाही. "कुठल्या संताचं ते तुम्ही सांगा, नाहीतर मी सगळ्यांना विचारतो. कुणाला तरी ठाऊक असेलच." रविवारी गोदाबाई पण येणार आहे. चारचौघांत, तिच्या दिरांसमोर, बुवा म्हणणार की हे कुठल्याच संताचं नाही!

छापलं तर खोटं, आणि तेही उघडं पडणार. सांगितलं तर तिचा दिवा मी विझवला असं होणार. माई चवळी निवडत बसल्यात. उठते, आता तरी सांगते. नाना, मला तुमच्या बायकोची भीती वाटते.

*

सांगितलं. आत्ता संध्याकाळ झालीये, लगेच लिहायला बसले.

माईंनी आधी ऐकूनच घेतलं नाही. "काहीतरीच काय!" मग मी कपाटातून पुस्तक आणलं, विठ्ठलाचं. तुमची पेन्सिलीची खूण दाखवली. त्यांना इंग्रजी येत नाही, पण तुमची खूण त्यांनी ओळखली.

"म्हणजे मी सगळ्या गावाला एका बेवड्याचं सांगत फिरले?"

"हो, माई."

"आणि हे मला एका शब्दाने बोलले नाहीत. तुला बोलले."

तुम्ही सांगितलं असतंत तर त्या ओरडल्या असत्या, आणि दोन दिवसांनी हसल्या असत्या. नाना, त्यांना फार लागलंय. मिस्त्रीचं नाही, दुसऱ्याच गोष्टीचं. तुमच्या पुस्तकांना कव्हरं घालायची आणि आत काय आहे ते कधी कळायचं नाही, याचं लागलंय. मला ते आधी दिसायला हवं होतं, तुम्हालाही.

मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "रविवारी चारचौघांत कळायला नको तिला. तिला मी सांगितलं होतं, मीच सांगणार."

आणि अगदी बोलवल्यासारखी गोदाबाई चारच्या सुमाराला आली. रविवारच्या स्वयंपाकाला वालाच्या शेंगा घेऊन. "माई, कवल्या हायेत, बगा." टोपली ठेवली, पाणी प्याली. मी चहाला आत जायला निघाले तर माईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "गोदाबाई, दिव्याचं जे मी सांगितलं होतं ना, ते संतांचं नाही. माझी चूक झाली. एका पुस्तकातल्या मिस्त्रीचं बोलणं आहे."

गोदाबाईने आधी माईंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कनच्या मिस्त्रीचा?"

मी सांगायला लागले. लांब आकाशात एक ठिकाण आहे, तिथे माणसं कामाला जातात, वर्षानुवर्षं घरी येत नाहीत. तिथली यंत्रं हा बघतो. माझं मलाच ते वेड्यासारखं वाटत होतं. ती ऐकत होती, शेंग हातात तशीच धरून.

"पितो का त्यो?"

मी माईंकडे बघितलं. माईंनी मान हलवली, सांग. म्हटलं, "हो. फार पितो."

"माजा बालू पन प्यायचा," ती म्हणाली. "त्यो पन मिस्त्रीच हुता. बोटीवं मशिनीचा."

मला हे माहीत नव्हतं. इतके दिवस मी त्याला खलाशीच समजत होते. माईंनाही माहीत नव्हतं. 'बोटीवर होता' म्हटल्यावर कुणी पुढे विचारलंच नव्हतं.

"बाप वरडायचा, बोटीवं खलाशी व्हायचा सोरून मशिनीत काय हात घालतो. पन त्याला मशिनीचाच नाद." मग म्हणाली, "मंग त्यो बोलला काय, दिवा राहू दे आसा?"

"हो."

"मिस्त्री बोलला."

"हो, गोदाबाई."

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, किंवा उठून निघून जाईल. शेंग टोपलीत टाकली आणि विचारलं, "आनि मंग? शेवटी घरी येतो का त्यो?"

नाना, तुम्ही असतात तर काय सांगितलं असतंत? ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "असं मधूनच नको. सोमवारी नेऱ्याला येते, पुस्तक घेऊन. पहिल्या पानापासून सांगते." ती म्हणाली, "ये. दुपारची ये, मी घरीच हाय." चहा घेतला, टोपली रिकामी केली आणि गेली. आजही दिवा लावेल का, ते विचारायचा मला धीर झाला नाही. माईंनाही झाला नाही.

ती गेल्यावर माई म्हणाल्या, "संतवचन खोड. एका मिस्त्रीचं बोलणं, असं लिही."

"आणि बुवा?"

"बुवांना मी बघते. सोमवारी मी पण येते तुझ्याबरोबर नेऱ्याला. मला तरी कुठे ठाऊक आहे ती गोष्ट?"

मजकूर लिहून ठेवलाय. छापखान्याची काळजी मिटली, आणि आता सोमवारची सुरू झाली. मघाशी पुस्तक काढून बसले. तुमची खूण जिथे आहे, तिथून जनावर येईपर्यंत मधे दोनच पानं आहेत. त्या दोन पानांत मिस्त्री दिव्याची काच पुसतो, बाटली शोधतो, कुणाला तरी नावाने हाक मारतो, आणि कसलंसं गाणं गुणगुणतो. तुम्ही असताना मी ती भराभरा उलटायची, पुढे काय होतं त्याच्या ओढीने.

नाना, तुम्हाला शब्द देते. शेवट मी बदलणार नाही. त्या बाईने सरळ विचारलंय, तिला सरळच सांगेन, त्याला घरी आणून बसवणार नाही. पण ती दोन पानं मी फार सावकाश वाचीन.

तुमची,
वसुधा