अप्पांच्या गाडीचा पुढचा ब्रेक

प्रिय गणराज,

'प्रिय' लिहून दहा मिनिटं झाली. खोडावं की ठेवावं, ठरत नव्हतं. राहू दे. पुढचं वाचून तुला तो शब्द खोटा वाटला तर वाटू दे.

अप्पांच्या अपघाताला आज अकरावा दिवस. तुझा फोन बंद. मामाला फोन केला की तो म्हणतो, "पोरगं जेवतंय, झोपतंय, पण बोलत न्हाई." मी तुला फोनवर बोलवायला सांगितलं, तर तू खोलीची कडी लावून घेतलीस म्हणे. म्हणून हे कागदावर लिहितेय. मामाचा ओंकार आज दुपारच्या गाडीने अंबाजोगाईला घरी परत निघालाय, त्याच्याकडे देते. त्याला बजावलंय, गणराजनं वाचल्याशिवाय समोरून हलायचं नाही.

अप्पांच्या मांडीत रॉड टाकलाय. डॉक्टर म्हणतात, तीन महिने पाय टेकवायचा नाही. निघोजे गावातल्या गोदामावरची वॉचमनची नोकरी गेलीच समज. आई त्यांना आधार देऊन उठवते आणि दर वेळी दाराकडे बघते. तू येशील म्हणून. मला त्या बघण्याचा इतका संताप येतो की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळते. आणि अप्पा! पोलिसांना त्यांनी सांगितलं, कुत्रं आडवं आलं. शेजारच्या सोजराबाईंनाही तेच. मला एकटीला जवळ बोलवून म्हणाले, "लेकराला काई बोलू नको, त्यानं हौसेनं केलं व्हतं." हौसेनं! गणराज, तुझी हौस अप्पांच्या मांडीत स्टीलची होऊन बसलीय.

हौस होती, हे मी नाकारत नाही. गाडी तेरा वर्षांची, पुढचा ड्रम ब्रेक इतका मऊ झालेला की अप्पा अर्धा फर्लांग आधीपासूनच दाबायला लागायचे. तळवड्याच्या रस्त्यावर कंटेनरवाले कुठेही थांबतात, तिथे असला ब्रेक नकोच. तू म्हणालास, ड्रम काढून डिस्क बसवतो. चांगलंच होतं. गॅरेजात दोन दिवस खपलास, चाक बदललंस, डिस्क चढवलीस. अप्पांनी गाडीला हार घातला. चिखलीच्या आपल्या गल्लीत तीन चकरा मारल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवलं, "बगा, एका बोटात थांबती."

एका बोटात थांबणारी गाडी त्या दिवशी चार बोटांनी थांबली नाही. दुपारी अडीचला, ड्युटीवर जाताना. पुढचा कंटेनर एकदम थांबला. अप्पांनी ब्रेक दाबला तर तो सरळ मुठीला जाऊन टेकला. गाडी मी नंतर पोलीस चौकीत बघितली. ब्रेकचा रबरी पाईप फुटलेला, सगळं ऑइल चाकावर उडालेलं. पाईप टायरला घासत होता, गणराज. किती तरी दिवस. कारण डिस्कच्या किटमधली, पाईप धरून ठेवणारी लोखंडी पट्टी या गाडीच्या शॉकअपला बसत नव्हती, म्हणून तू तिच्या जागी वायरी आवळायचा प्लॅस्टिकचा टाय बांधलास. उन्हानं टाय कडक होऊन तुटला आणि पाईप सुटला. पट्टी करून घ्यायला महाळुंग्यात वेल्डरची काय कमी होती? एक तास लागला असता. एक तास! तू गिऱ्हाइकांच्या गाड्यांचे आरसे कुठल्या कोनात बसवायचे यावर तास घालवतोस.

हे सगळं मी तुझ्या तोंडावर ओरडून सांगणार होते. घरी, हॉस्पिटलात, कुठेही. पण मी गाडी बघायच्या आदल्या रात्रीच तू पळालास. आणि तू पळालास याचा एक फायदा मला झाला, तो आता लिहिते. कारण लिहिल्याशिवाय बाकीचं ओरडायचा मला हक्क नाही.

ती गाडी तयार झाल्यावर तू आधी माझ्याकडे आणली होतीस. आमच्या कंपनीच्या गेटवर. पहिली शिफ्ट सुटली होती. तू म्हणालास, "ताई, एकदा बघ ना. तुझं रोजचं काम आहे." खरंच रोजचं आहे. आठ तास मी ब्रेकचे पाईपच तपासते. नखाएवढा ओरखडा दिसला की बाजूला काढते. मी काय केलं? ब्रेक एकदा दाबला, कडक लागला, म्हटलं, मस्त झालंय. पाईप कुठे घासतोय का, हे हँडल दोन्ही बाजूंना फिरवून बघितलं नाही. कंपनीची बस हॉर्न वाजवत होती, पाय दुखत होते. आणि टाय मला दिसला होता, गणराज. दिसला होता. मनात आलं, हे तात्पुरतं असेल, करेल नंतर. आणि मी बसमध्ये चढले. हे मी आईला सांगितलेलं नाही. अप्पांनाही नाही. अकरा दिवस तुझ्या नावाने बोटं मोडतेय, आणि घरातले सगळे मला समजूतदार म्हणतायत.

तेव्हा माझी माफी मागू नकोस, मीही तुझी मागत नाही. आपलं आपण नंतर बघू. हे पत्र त्यासाठी नाहीच. काल तुझ्या गॅरेजचं शटर मी आईकडच्या चावीने उघडलं. फळीवर त्याच किटचे रिकामे खोके होते. पाच. एकावरही नाव नाही. एक अप्पांचा. एक निघोज्याच्या कोंडीरामचा, हे शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगितलं. मी सकाळीच गेले. तो लेकीला मागे बसवून शाळेत सोडायला निघाला होता. मी गाडीसमोर उभी राहिले, तर हसून म्हणाला, "ताई, गणराजनं केलंय म्हंजी भारीच असणार की." मी वाकून बघितलं. तसाच टाय. पाईपाला एका जागी टायरला घासून चकाकी आली होती. गाडी तिथेच उभी केली, लेक रिक्षाने गेली. राहिले तीन. ते कुठे राहतात, कुणाला मागे बसवतात, मला माहीत नाही. फक्त तुला माहीत आहे. तू कडी लावून बसलायस तेवढ्यात ते कुठल्या तरी सिग्नलला ब्रेक दाबतायत, तुझ्यावर भरवसा ठेवून. फोन चालू कर आणि मला तीन नावं सांग. रडायचं असेल तर त्यानंतर रड. ओंकार समोर उभा आहे, तुझा फोन चालू होत नसेल तर त्याचा घे.

मी रजा टाकलीय, फोन हातात घेऊन बसलेय.

तुझीच,
योगिनीताई