त्रेचाळिसावं पत्र

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. (अकरा वर्षांचे साठले आहेत, जपून उघड.) तुझा गुडघा कसा आहे? मला कसं कळलं हे विचारू नकोस. तुझी वहिनी आणि तुझी बायको दर रविवारी फोनवर बोलतात आणि आपल्या दोघांना त्याचा पत्ता नाही अशा समजुतीत आहेत. मी ठीक आहे. एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला, दुसरा पिकायची वाट बघतोय.

पत्रास कारण माझा ग्रंथ. तोच, विटेएवढा जाड, ज्याची प्रत तुला पाठवायचं मी आठ वर्षं नुसतं ठरवतो आहे. चारशे वर्षांपूर्वीची साधीसुधी ख्रिस्ती माणसं, कोणी सुतार, कोणी सुईण, आपल्या चुका कशी कबूल करायची, त्यासाठी एकमेकांना कसली पत्रं लिहायची आणि त्या सवयीचा पुढच्या पिढ्यांवर काय प्रभाव पडला, यात मी उभी हयात घालवली. तीन ग्रंथ, एकसष्ट लेख. (तुझी वहिनी विचारते, एवढ्या लोकांनी मागितलेली माफी वाचलीत, स्वतः एकदा तरी मागितलीत का? ती विद्वान नसल्यामुळे असे थेट प्रश्न विचारते.)

तर या ग्रंथात मी बेचाळीस पत्रांचं भाषांतर देणार होतो, छापून आली त्रेचाळीस. मला वाटलं मोजण्यात चूक झाली असेल, आकड्यांशी माझं कधी जमलंय? शिवाय त्रेचाळिसावं पत्र सगळ्यांत सरस. नाव नाही, साल नाही, सरळ मजकूर: दादा, घड्याळ मीच पाडलं होतं, मार तू खाल्लास, मी दाराआड उभा राहून फटके मोजत होतो, आणि मोठेपणी पुन्हा खोटं बोललो, तू बोलत नाहीस तर करमत नाही, उत्तर पाठव. मुद्रितं तपासताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (शाई झोंबली, असं मी तुझ्या वहिनीला सांगितलं.) मग मी त्याला अडीच पानांची टीप जोडली. 'दादा' म्हणजे मठातले वडीलधारे बंधू. घड्याळ म्हणजे मानवी आयुष्याची क्षणभंगुरता. मार म्हणजे स्वेच्छेनं पत्करलेलं प्रायश्चित्त. समीक्षकांनी ही टीप डोक्यावर घेतली. एकानं तर लिहिलं, की हा अज्ञात माणूस चक्क आपल्या काळातला वाटतो. तू म्हणशील, दादा, तुला कसं ओळखू आलं नाही? अरे, रोज परक्यांचे गुन्हे वाचणाऱ्या माणसाला घरचा गुन्हा ओळखू येत नाही, एवढंच मी सांगू शकतो.

गेल्या महिन्यात एका दूरच्या विद्यापीठातून संशोधक बाईंचं पत्र आलं. त्यांचा अख्खा प्रबंध त्रेचाळिसाव्या पत्रावर उभा आहे आणि त्यांना मूळ कागद पाहायचाय. मी कपाट उपसलं. भाषांतरांच्या फायलीत एक लिफाफा निघाला, मागे तुझा पत्ता. मग सगळं आठवलं. बाबा गेल्यावर सामान वाटून घेताना, ते घड्याळ लहानपणी कोणी फोडलं यावरून आपण दोन टक्कल पडलेली माणसं भांडलो आणि बोलणं टाकलं. दोन वर्षांनी तुझं पत्र आलं, ते मी रागाच्या भरात न उघडताच त्या फायलीत खुपसलं. आपलं अक्षर बाबांनी एकाच वहीवरून घोटून घेतलेलं, त्यामुळे लिफाफा फोडल्यावर टायपिस्टबाईंना वाटलं हेही माझंच भाषांतर. त्यांना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीच बजावलं होतंत ना, मजकुरात डोकं घालायचं नाही, दिसेल ते टाइप करायचं."

म्हणजे तू नऊ वर्षं उत्तराची वाट पाहिलीस आणि मी तुला तळटीप दिली. धाकट्या, मला फार वाईट वाटतंय. (हे वाक्य तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलं. सुतार आणि सुईण यांना ते पहिल्या झटक्यात कसं जमायचं, याचं मला पहिल्यांदाच खरं कुतूहल वाटतंय.)

तुझा,
दादा (मठातला नव्हे)

ता. क. संशोधक बाई पुढच्या गुरुवारी येताहेत. मी त्यांना खरं सांगणार आहे. माझी अब्रू जाईल आणि त्यांचा प्रबंध, पण इलाज नाही. एकट्यानं मात्र धीर होत नाही. तू बुधवारीच ये. जिना चढावा लागू नये म्हणून खालच्या खोलीतली पुस्तकं हलवून तुझी खाट टाकली आहे.

ता. क. २. टीप दुरुस्त करायची आहे म्हणून विचारतो, दाराआडून तू किती फटके मोजलेस? मला सात आठवतात.

ता. क. ३. ते घड्याळ तू पाडलंस तेव्हा आधीच बंद पडलेलं होतं. आदल्या दिवशी मी चावी नको तेवढी पिळली आणि आत काहीतरी तुटलं. मार बरोबर माणसाला बसला होता. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या वहिनीलासुद्धा. हे चव्वेचाळिसावं पत्र समज. याची टीप तू लिही.