नायिकेचा गळा

१२ मार्च १९५१

नायिका नुसते ओठ हलवणार, गाणार मी! मी, ओतिलिया, कपडेपटातली शिवणारी! सकाळी तिच्या झग्याची उंची कमी करत होते. तोंडात टाचण्या, तरी गुणगुणणं चालूच. मागे दिग्दर्शक डॉन एवारिस्तो उभे. म्हणाले, "टाचण्या काढ आणि पुन्हा म्हण." टाचण्या मुठीत धरून म्हटलं.

१३ मार्च

सिनेमा एका ओढगस्तीतल्या नवराबायकोचा. भांडतात, वेगळे होतात, गात गात एकमेकांना शोधतात. अख्खं मेक्सिको शहर स्टुडिओतच उभारलंय — गल्ल्या गुलाबी, आभाळ रंगवलेलं.

आमचंही तेच, फक्त गाणी नाहीत. माझा नवरा क्रिसोफोरो इथेच वाद्यवृंदात गिटार वाजवतो. महिना झाला, त्याच्या बहिणीकडे राहतोय. मी म्हणाले होते, "तुझी गिटार काय उकडून खायची?" तो म्हणाला, "तू जन्मभर दुसऱ्यांची बटणंच लाव." ते अजून टोचतं.

१५ मार्च

तालीम. समोर तो. मान खाली घालून गिटार जुळवत राहिला.

१९ मार्च

आज ध्वनिमुद्रण. नायकासाठी गाणाऱ्याचा घसा बसला. "हे गाणं आणखी कुणाला येतं?" डॉन एवारिस्तोंनी विचारलं. क्रिसोफोरोने गिटार खाली ठेवली.

माइक एकच, म्हणून खांद्याला खांदा लावून उभे. गाण्यात दोघं भांडीकुंडी वाटून घेतात आणि खिडकी कुणाची यावर अडतात. तिथेच त्याचा आवाज चिरला. मी माझी ओळ जरा लांबवली, त्याला सावरू दिलं.

संपलं. व्हायोलिनवाल्यांनी गजांनी स्टँडवर टकटक केली — वादकांची टाळी ती!

बाहेर मक्याच्या पिठाचं गरम आतोले पिताना तो म्हणाला, "काय गातेस गं! दहा वर्षं संसार केला, मला पत्ताच नाही."

"कधी विचारलंस?"

हसला. मीही.

२१ मार्च

आला घरी. गिटार, चार शर्ट. मला झोप कसली येतेय!

९ ऑगस्ट

पहिला खेळ! पडद्यावर आमची नावं नाहीत. नसू देत. पुढच्या बाकावरची बाई माझ्या आवाजावर रडत होती. शेवटी दोघं भेटतात तेव्हा क्रिसोफोरोने माझा हात धरला. "आपलीच गोष्ट," म्हणाला.

१० ऑगस्ट

सिनेमाआधीच निघालेली गाण्याची तबकडी ऐकून हवानाच्या रेडिओने माझ्या नावाने गायला बोलावलंय — एकटीला. आठवडाभर लपवलं, आज सांगितलं. "परत कधी?" त्याने विचारलं. पुढच्या शनिवारी बंदरावरून बोट आहे. परतेन का, मलाच ठाऊक नाही. निघताना 'येते' म्हणतात, ते मला म्हणवेल असं वाटत नाही.