उजव्या काठाची माती आणि आमचे साडू

३ ऑगस्ट, सकाळी
पूर ओसरला. आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात लिहायचं. साडूबद्दल एक अक्षर लिहायचं नाही.

३ ऑगस्ट, संध्याकाळी
साडूबद्दल थोडं लिहावं लागतंय. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा आमच्याच मातीपरीक्षण प्रयोगशाळेत नोकरीला आहे, यात माझा काय दोष? जाहिरात सासूबाईंनी दाखवली. अर्ज कसा करायचा ते मात्र मी सांगितलं. हात दाखवून अवलक्षण.
आज संचालकबाईंनी मीटिंग घेतली. नदीकाठच्या शेतांत आठवडाभर पाणी तुंबलं होतं, त्याने मातीच्या रसायनात काय फरक पडला ते शोधायचं. डावा काठ साडूला, उजवा मला. ज्याचा अहवाल चांगला, तो नव्या पूरभूमी विभागाचा प्रमुख. म्हणजे मीच. साडूला बिचाऱ्याला उगाच आशेला लावलं. मला वाईट वाटलं. फार नाही.

५ ऑगस्ट
फील्डवर. एकच जीप, त्यामुळे साडू सोबत. मी नवे गमबूट घातले होते. साडू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून अनवाणी. ही काय शास्त्रज्ञाची रीत झाली?
माती निळसर करडी, वास कुजक्या अंड्याचा. साडू त्या वासाने खूश. बरण्या चिखलाने काठोकाठ भरल्या, वर तिथलंच पाणी ओतलं, झाकणं घट्ट, बरण्या बर्फाच्या पेटीत. आईस्क्रीमवाला बरा. मी स्वच्छ कापडी पिशव्या नेल्या होत्या, प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात लेबल. ड्रायव्हरसुद्धा म्हणाला की साहेबांचं अक्षर छान आहे. साडूच्या अक्षराबद्दल तो काही बोलला नाही, याची नोंद घ्यावी.
एक गमबूट उजव्या काठालाच राहिला. चिखल सोडेना.

६ ऑगस्ट
मेहुणीचा बायकोला फोन. साडूने म्हणे चिखलाच्या बरण्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या, कारण लॅबचा फ्रिज भरला होता. दूध ठेवायला जागा नाही. दोघी बहिणी हसत होत्या. मीही हसलो. मग बायको म्हणाली की काहीही म्हणा, त्यांना कामाचं वेड आहे हो, तुम्ही तर साधी फाईलही कधी घरी आणली नाहीत.
आत कुठेतरी जळलं. ॲसिडिटी असावी.
संकल्प: उद्यापासून रोज एक फाईल घरी आणायची.

८ ऑगस्ट
माझे नमुने ओव्हनमध्ये रीतसर वाळवले. कुटले, चाळले. वीस वर्षांची पद्धत. आणि काय सांगू, ती करडी, घाणेरडी माती वाळून सुंदर तांबूस झाली! वास गेला. ट्रे बाहेर काढून सगळ्यांना दाखवला. माझ्या हातात माती सुधारते असं मी म्हणालो, ते काही जणांना आवडलं नाही.
साडू ट्रेपाशी बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, दादा, एक बोलू का? मी म्हटलं, नको. तरी बोललाच. ही माती ओलीच तपासायला हवी होती, हवा लागली की सगळं बदलतं, अजून वेळ आहे, उजव्या काठावर पुन्हा जाऊ, मी येतो सोबत.
मला पुन्हा चिखलात पाठवायचं आणि स्वतःचा अहवाल आधी द्यायचा! डाव लगेच ओळखला. बिचारा माझ्यावर जळतो. मी रागावलो नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो की प्रत्येकाच्या हाताला गुण नसतो.

११ ऑगस्ट
निकाल आले. माझ्या मातीत विरघळलेलं लोखंड जवळजवळ नाही. फॉस्फरस नेहमीसारखा. म्हणजे पुराने काही झालंच नाही. केवढा मोठा शोध! लोक उगाच पुराला नावं ठेवतात. नायट्रेट तेवढं गायब आहे, पण ते कुठेतरी सांडलं असेल.
साडूच्या खोलीवरून सहज चाललो होतो. चार वेळा. काचेतून आकडे दिसले. विरघळलेलं लोखंड भरमसाट! लक्षात आलं, त्याचं फावडं गंजलेलं होतं. आता मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारणार. घोडामैदान जवळच आहे.

१३ ऑगस्ट
विभागप्रमुखाची खोली पाहून आलो. खिडकी मोठी, ऊन थेट टेबलावर. पडद्याचं माप घेतलं. बायकोला शिवायला सांगितलं. निळे. तिने विचारलं, नेमणूक झाली का? मी म्हटलं, औपचारिकता बाकी आहे. ती म्हणाली, धाकट्या जावयांनाही वाटत असेल की आपलीच होणार. धाकट्यांना! सासूबाईही असंच म्हणतात. मी मोठा जावई आहे हे या घरात फक्त सामान उचलायच्या वेळी आठवतं.
फाईल आणायची राहिली. पडद्यांच्या गडबडीत.

१६ ऑगस्ट, सकाळी
आज मीटिंग. इस्त्रीचा शर्ट. साडू चुरगळलेल्या शर्टात येईल. मनात अजिबात मत्सर नाही. पडदे तयार.

१६ ऑगस्ट, दुपारी
मी आधी बोललो. पुराचा परिणाम शून्य. टाळ्यांसाठी थांबलो. बाईंनी विचारलं, खणली तेव्हा माती कुठल्या रंगाची होती? मी म्हटलं, करडी. आता? तांबूस. मग बाई म्हणाल्या की हा अहवाल पुराचा आहे की तुमच्या ओव्हनचा?
मी विषय बदलून फावड्याचा मुद्दा काढला. साडूने नमुने प्लॅस्टिकच्या नळीने काढले होते. गंजलेलं फावडं जीपचं होतं, चाक रुतलं तर लागेल म्हणून ठेवलेलं.
मग साडू बोलला. पाण्याखाली मातीला हवा मिळत नाही. मग त्यातले जिवाणू हवेऐवजी आधी नायट्रेट वापरून संपवतात, नंतर लोखंडाकडे वळतात. लोखंड विरघळतं, माती करडी पडते, आणि लोखंडाने धरून ठेवलेला फॉस्फरस मोकळा होऊन पाण्यात जातो. हवा लागली की लोखंड पुन्हा गंजतं, फॉस्फरसला पुन्हा धरतं, माती तांबूस होते. हे मलाही माहीत होतं. त्या आठवड्यात आठवलं नाही, इतकंच.
एवढ्यावर थांबावं की नाही? नाही. पुढे म्हणाला की दादांचे वाळवलेले नमुने टाकू नका. पाणी उतरल्यावर शेतात पुढे हेच होतं. माझे ओले आणि त्यांचे कोरडे शेजारी ठेवले तर पूर्ण गोष्ट दिसते. बाईंनी मान डोलावली. सगळे माझ्याकडे कौतुकाने पाहायला लागले.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढा जळफळाट आयुष्यात कधी झाला नव्हता. ॲसिडिटी नव्हे. मत्सरच. लिहिलं एकदाचं.

१७ ऑगस्ट
कालची शेवटची ओळ रद्द समजावी. जेवण जड झालं होतं.
एकटाच उजव्या काठावर जाऊन आलो, नवे ओले नमुने आणायला. जमीन वाळून कडक. मुळांच्या भोकांभोवती तांबडे ठिपके. बर्फाची पेटी रिकामी परत आणली. गमबूट सापडला. आत माती, तीही तांबडी.

२० ऑगस्ट
नेमणुकीचं पत्र निघालं. साडू. मेहुणी घरी आली होती, तिने आधी माझी चौकशी केली. तिलाही नवऱ्याचीच चांगुलपणाची सवय लागलेली दिसते.

२३ ऑगस्ट
मला नव्या विभागात घेतलं. कोरडे नमुने माझ्याकडे. साडूने आग्रहच धरला म्हणे. शिवाय खोलीतलं खिडकीजवळचं टेबल मला दिलं, दादांना उजेड लागतो म्हणून. स्वतः दाराजवळ, फ्रिजशेजारी बसला.
बायकोने पडदे पाठवले. तो स्टुलावर चढला, मी स्टूल धरलं.
पडदे अगदी बरोबर बसले. माप मी घेतलं होतं.