पूर्वेच्या भिंतीतली दोरी

प्रिय स्तामेनदादा,

प्लॉव्हदिवला चामड्याच्या कारखान्यात तुझं बरं चाललं असेल. माळावरचं संत दिमितरचं पडकं चर्च गाव पुन्हा उभारतंय. मी वेल्को मिस्त्रींच्या हाताखाली चुना कालवतो. तुर्क यायच्या आधीची बांधणी ती. एक थर दगडाचा, वर एक विटांचा. छत नाही आणि भिंतींवर रंगवलेल्या संतांना डोळे नाहीत. डोळ्यांच्या औषधासाठी लोकांनी त्यांचा रंग खरवडून नेला. लहानपणी तुझे डोळे आले होते, तेव्हा शेवटचा डोळा आईनेच खरवडला होता.

वेदीमागची पूर्वेची अर्धगोल भिंत आम्ही दोनदा बांधली, दोनदा खचली. मिस्त्रींनी पाणी काढायला चर खणला. तरी तिसऱ्यांदा भेग पडली, तेव्हा ते गप्प झाले. गप्प झालेला गवंडी काय करतो ते तुला माहीत आहे. माणसाची सावली दोरीने मोजतो आणि ती दोरी दगडाखाली ठेवतो. भिंत राहते, माणूस चाळीस दिवसांत जातो.

मग एका सोमवारी सकाळी मिस्त्री मला उन्हात सरळ उभं करून दोरी घेऊन मागे वाकले होते, तेवढ्यात आई भाकरी आणि दही घेऊन आली. काय करताय, तिने विचारलं. "ओळंबा बघतोय, त्सोनावहिनी." "ओळंबा खाली लोंबतो, मिस्त्री. तुमचा तर जमिनीवर लोळतोय." मग मला बाजूला सारून ती हसतच माझ्या जागी उभी राहिली. "याची कशाला घेता? याच्या अंगावर धड मांस नाही. माझी घ्या, चांगली रुंद आहे." मला वाटलं, थट्टा चाललीय. मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढली आणि दोरी तिच्या सावलीवर धरली, तेव्हा मला कळलं.

आता भिंत उभी आहे. रविवारी पाद्रींनी तिच्यावरून हात फिरवला, मिस्त्रींचं कौतुक केलं. आईने मात्र अंथरूण धरलंय. डॉक्टर म्हणतात, हृदयाचं जुनंच दुखणं आहे. असेलही. ती तुझा लोकरीचा सदरा घाईघाईने विणतेय. मी रडलो तर रागावते. त्या चर्चचं आपल्यावर देणं होतं, म्हणते, स्तामेनच्या डोळ्यांचं.

दोरी कुठल्या दगडाखाली आहे ते मी पाहून ठेवलंय. खिडकीखालचा मोठा दगड आहे, मला एकट्याला हलवत नाही. तो काढला तर ती भिंत जाईल, तिच्याबरोबर बहुतेक जुन्याही जातील, आणि गाव मला दारात उभं करणार नाही. मला ते चालेल. लोखंडी पहार घेऊन ये. आईला काही कळवू नकोस, ती अडवेल. चुना अजून पुरता धरलेला नाही, दादा. तो धरायच्या आत ये.

तुझाच,
दोब्री