स्कूटरला बांधलेला पाटा

८ फेब्रुवारी १९५९, रविवार
स्वयंपाकघरातून पाटा गेला! चोर घरातलाच. ह्यांनी तो स्कूटरच्या मागच्या बैठकीवर सुंभानं आवळून बांधला. "मागं वजन पाहिजे, तरच पुढचं चाक उचलतं." हैदराबादच्या नुमाइश प्रदर्शनात कुणाला तरी एका चाकावर स्कूटर चालवताना पाहून आले, तेव्हापासून हेच वेड. कोर्ट सुटलं की काळा कोट खुंटीला आणि पाना हातात. जादा चाक मागं नेलं, हँडल वीतभर उंच केलं. आज चटणी वाटायची राहिली.

मला मात्र बरं वाटतंय. लेक कमल सासरी गेल्यापासून हे घरात पाहुण्यासारखे वावरत होते. आता वंगणाचे हात धोतराला पुसतात — आणि शीळ घालतात!

१० फेब्रुवारी
शेजारच्या गोजरबाई भिंतीवरून — "वैनी, वकीलसाहेब गाडी नाचवायलेत म्हणं! बाशिंग बांधा की तिला!" मी म्हटलं, "बांधते. वरातीत तुमी पुढं नाचा." दोघी लय हसलो.

१३ फेब्रुवारी
चाक चार बोटं उचललं म्हणे. मी पाहिलं नाही. जेवताना पुन्हा पुन्हा सांगत होते.

१५ फेब्रुवारी, रविवार
आज पाहायला मीही शेतात गेले. मळणी उरकलेली, खळं सारवल्यासारखं कडक. चाक उठलं — तोच सुंभ सैल झाला, पाटा एका अंगाला घसरला आणि स्कूटर आडवी! ह्यांचा गुडघा सोलला. पाट्याचे दोन तुकडे.

हळद लावताना हे पुटपुटले, "पन्नाशीत शोभतं का हे?" मी पट्टी बांधली. शोभतं, असं म्हणायला हवं होतं.

१८ फेब्रुवारी
शीळ बंद. स्कूटर विकायची म्हणतात. देवगाव फाट्याचे किशनराव रविवारी पाहायला येणार. घरात पुन्हा तो पाहुणा वावरायला लागला.

२१ फेब्रुवारी
सकाळी धीर करून मीच बोलले. "पाटा घसरतो. मी तुम्हाला धरून बसेन."

"तू? बायका एका अंगाला बसतात. तोल जाईल."

"मग नऊवारीला कासोटा कशाला असतो?"

हे माझ्याकडे पाहतच राहिले. मग हसले!

खळ्यावर मी दोन्हीकडे पाय टाकून मागं बसले. ह्यांच्या कमरेला घट्ट मिठी. नव्या नवरीपणीसुद्धा अशी कधी मारली नव्हती. "मागं झुक!" — आणि चाक हातभर वर! समोरचा रस्ता दिसेना, नुसतं आभाळ. मी किंचाळले, हेही किंचाळले. चाक टेकलं तेव्हा दोघं सरळ उभे, म्हणजे स्कूटरसकट.

परतताना मी सहज विचारलं, "हे क्लच म्हणजे कुठलं?"

२२ फेब्रुवारी
किशनराव आले. चहा पाजून परत पाठवलं.

८ मार्च, रविवार
आज पुढं मी. मागं वजन म्हणून हे.

उचललं!